सतरा महिने उभी असलेली गाडी: चावी सगळ्यात शेवटी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाबांची २०१६ सालची पेट्रोल वॅगन आर गुहागरजवळच्या गावी घरामागच्या मांगरात (शेडमध्ये) सतरा महिने उभी आहे. बाबा गुडघ्याच्या ऑपरेशनपासून पुण्यात तुमच्याकडेच आहेत. गणपतीला तुम्ही गावी जाताय आणि चुलतभाऊ म्हणतोय, "ट्रॅक्टरची बॅटरी लावू, सेल मारू, पाच मिनिटांत चालू होते की नाही बघ." तसं केलं तर काही बिघडेल का?

खरं सांगू? चालू होईलही. माझं गॅरेज रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. सव्वीस वर्षं मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या अशा उभ्या गाड्या बघतोय, आणि त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या भावाच्या पद्धतीने चालू होतात. पण गाडी चालू होणं हा यातला अवघड भाग नाहीच. ऑइल वर पोचेपर्यंतच्या पहिल्या दहा सेकंदांत आत काय घासलं जातं, आणि बोनेटखाली काय वाळलंय, कुरतडलंय, तुंबलंय हे न बघता आपण सगळं एकदम गरम आणि जिवंत करतो, धोका तिथे आहे. उभी राहून गाडी जेवढी बिघडत नाही तेवढी घाईने सेल मारून बिघडते. म्हणून मी चावी सगळ्यात शेवटी हातात घेतो.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत: उभी केली तेव्हा ऑइल किती जुनं होतं, टाकीत पेट्रोल किती होतं, मांगराचं छप्पर पावसाळ्यात गळतं का, खाली जमीन ओलसर आहे का. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मधल्या काळात गाडीला पाणी लागलं होतं का. दाराच्या आतल्या बाजूला किंवा सीटच्या पट्ट्यांवर चिखलाची रेघ दिसली, तर पुढचं काही वाचू नका. सेल मारू नका, गाडी ओढून गॅरेजला न्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, त्यानंतर कितीतरी जणांनी "चालू होते का बघू" म्हणून सेल मारला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या मालकांनी चावीला हात लावला नव्हता त्यांच्या गाड्या त्या मानाने थोडक्यात सुटल्या.

पाण्याचा विषय नाही असं धरून पुढे जातो.

बोनेट उघडण्याआधी त्यावर काठीने चार-पाच वेळा ठोका आणि दोन मिनिटं बाजूला थांबा. हसू नका, आपल्याकडे उंदीर तिथे साप. मग टॉर्च घेऊन खाली बघा. तीन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक गाडी घरून चालवतच घेऊन आलं, "करपल्याचा वास येतोय" म्हणून. उंदराने सायलेन्सरच्या पहिल्या लोखंडी नळीवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे, नारळाच्या काथ्याचं आणि सुपारीच्या सालांचं ऐसपैस घरटं केलं होतं. अर्धं काळं पडलेलं, आतून निखारा, आणि चार बोटांवर पेट्रोलची नळी. बोनेट उघडल्यावर हवा लागून ते फुललं. वाळूची बादली हाताशी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून सायलेन्सरच्या बाजूला हात घालून चाचपल्याशिवाय मी अशी गाडी चालू करत नाही. तुम्हीही वाळू किंवा छोटा पावडरचा सिलिंडर जवळ ठेवा, पेट्रोलच्या आगीवर पाणी उपयोगाचं नाही.

एअर फिल्टरचा डबा उघडा, क्लिपा काढल्या की झाकण सुटतं. तिथेही घरटं असतं, आणि तो कचरा सरळ इंजिनात ओढला जातो. वायरींवर दातांच्या खुणा दिसतात का ते बघा. कुरतडलेल्या वायरीतलं तांबं दिसत असेल तर बॅटरी जोडण्याआधी ते काम करून घ्या. रबरी नळ्या बोटांनी दाबा: मऊ लागल्या पाहिजेत, कुरकुरल्या किंवा भेगा दिसल्या तर बदला. कूलंटची बाटली बघा. बाबांनी नुसतं पाणी भरलं असेल तर ते गंजाच्या रंगाचं झालेलं असेल.

आता बॅटरी. भावाचा सगळा भर तिच्यावर आहे, म्हणून जरा हिशेब करू. गाडी बंद असली तरी घड्याळ, कॉम्प्युटर, लॉक मिळून थोडा करंट खात असतात. साधारण २० मिलिअँपिअर धरा. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर झाला. तुमच्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर सत्तर-बहात्तर दिवसांत ती तळाला गेली. त्यानंतरचे चौदा-पंधरा महिने ती रिकामी पडून आहे. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसून घट्ट होतो, आणि तो नंतर चार्जिंगने सुटत नाही. मल्टिमीटर लावून बघा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. तुमची दहाच्याही खाली असेल असा माझा अंदाज आहे. ती काढून दुकानात नेऊन सावकाश, तीन-साडेतीन अँपिअरवर, चार्ज करून बघता येईल. पण गणपतीच्या गर्दीत त्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा नव्या बॅटरीचे पैसे बाजूला काढून जा. काढताना आधी निगेटिव्ह सोडा, बसवताना तो शेवटी जोडा.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर त्याची बॅटरी १२ व्होल्टचीच असते, त्यामुळे तत्त्वतः चालतं. ट्रकवरून मात्र कधीही घेऊ नका, तिथे २४ व्होल्ट असतात आणि गाडीचा कॉम्प्युटर एका झटक्यात जातो. जम्पर (दुसऱ्या बॅटरीवरून जोडायच्या वायरी) लावायचाच झाला तर क्रम असा: लाल वायर आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघालेला असू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. तरी माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत जम्पर टाळा. मेलेली बॅटरी मग अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, गळ्यात पडते. अल्टरनेटर हा चार्जर नव्हे, त्याचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं.

आणि धक्का मारून तर अजिबात नको. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर पेट्रोलचा पंपच चालत नाही. थोडी धुगधुगी असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो खराब होतो.

पेट्रोलबद्दल लोक दोन टोकं गाठतात. कोणी म्हणतं काही होत नाही, कोणी म्हणतं टाकीच उतरवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. निम्मी रिकामी टाकी आणि कोकणातले चार महिने पाऊस धरला तर ओलावा भरपूर. तो एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे खाली बसतात. पंपही टाकीच्या तळातूनच ओढतो. त्यामुळे वरून पाच लिटर ताजं पेट्रोल ओतलं तरी इंजिनला पहिला घोट पाण्याचाच मिळतो. मी काय करतो, तर थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून सावलीत पंधरा मिनिटं ठेवतो. एकसारखं, पारदर्शक आणि नेहमीच्या वासाचं असेल तर त्यात बरोबरीने ताजं घालून काम भागतं. तळाशी वेगळा थर दिसला, किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर सगळं काढून टाकतो. पेट्रोल काढायचं काम मेकॅनिककडूनच करून घ्या. लाइनमध्ये दाब असतो. नळी तोंडाने ओढणारे अजून आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

आता इंजिनकडे येतो. जरा लांबण लागेल, पण घाईतली माणसं नेमकी इथेच चुकतात.

चालत्या इंजिनात प्रत्येक घासणाऱ्या जागी ऑइलचा पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की तो हळूहळू ओघळून खाली चेंबरमध्ये जमा होतो. सतरा महिन्यांत वरच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) नुसता ओशटपणा उरतो. सिलिंडरच्या भिंतींना, जिथे व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला असतो तिथून, दमट हवा लागते. समुद्राजवळ त्या हवेत मीठही असतं. पिस्टनच्या रिंगा भिंतीला हलक्याशा चिकटतात, कधी तांबूस गंज धरतो. अशात एकदम सेल मारला तर स्टार्टर जोर लावतो, रिंग कोरडीच घासत वर जाते आणि भिंतीवर ओरखडा उमटतो. गाडी चालू होते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि सहा महिन्यांनी तुम्ही "गाडी ऑइल खाते" म्हणून येता.

म्हणून आधी डिपस्टिक काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल काळं असेल तर चिंता नाही, पण चहाच्या सायीसारखं पिवळट-पांढरं असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय, तिथेच थांबा. मग तिन्ही स्पार्क प्लग काढा. त्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सगळी आत पडते. प्रत्येक भोकात इंजिन ऑइल घाला, जेमतेम चहाचा एक चमचा. त्याहून जास्त नको. भोकांवर स्वच्छ फडकं टाका आणि घरी जाऊन जेवा, झोपा. ऑइलला रिंगांपर्यंत झिरपायला वेळ लागतो, आणि त्या रात्रीची बरोबरी कुठलाही स्प्रे करत नाही.

सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन हाताने फिरवा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. प्लग काढलेले असल्यामुळे दाब नसतो, पाना आरामात फिरायला हवा. सुरुवातीला थोडं अडल्यासारखं होतं, मग एक बारीकसं "कुच्" आणि त्यानंतर मऊ, एकसारखं वजन. तो बदल मनगटाला कळतो. दोन पूर्ण फेरे द्या. पाना दगडासारखा अडला तर त्याला पाइप लावून जोर करू नका. आणखी ऑइल, आणखी एक दिवस, आणि तरी नाही तर गॅरेज.

हाताने फिरलं की नवी बॅटरी जोडा. प्लग अजून बाहेरच, कॉइलचे (प्लगला वीज देणाऱ्या भागाचे) सॉकेट सुटे. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा असतो, तो बघून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. आता पाच सेकंद सेल मारा, अर्धा मिनिट थांबा, परत पाच सेकंद. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा विझेपर्यंत असं करा. दिवा विझला म्हणजे पंपाने ऑइल वर चढवलं. प्लगशिवाय इंजिन हलकं फिरतं, बेअरिंगांवर भार येत नाही, आणि ऑइल पोचतं ते इंजिन पेटण्याआधी. भावाच्या पाच मिनिटांत नेमकं हेच राहून जातं.

तुमच्या इंजिनात टायमिंगची साखळी आहे, त्यामुळे एक काळजी कमी. जुन्या ८०० किंवा आल्टो ८०० वाल्यांनी मात्र रबरी टायमिंग बेल्टचं वय आधी बघावं.

प्लग साफ करून, आधी बोटांनी आटे लावून, मग पान्याने बेताने कसा. फ्यूज परत घाला, कॉइलचे सॉकेट जोडा. गाडी ढकलून मांगराच्या बाहेर मोकळ्यावर आणा, बंद जागेत धूर जीवघेणा असतो. बाहेर येत नसेल तर हँडब्रेक चिकटलाय. ओढूनच ठेवला असेल तर चिकटलेला असणारच: मागच्या चाकांच्या ड्रमला ब्रेकचे लायनर गंजून धरतात. चाकांना पुढून-मागून अडसर लावा, हँडब्रेक सोडा आणि ड्रमच्या कडेने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने गोल गोल ठोका. टक् आवाज होऊन सुटतात. ट्रॅक्टरने ओढून सोडवायला जाऊ नका, लायनर पत्र्यापासून उखडून आतच राहतो.

आता चावी. ऑन करा, मागच्या बाजूने पंपाचा दोनेक सेकंद "घूंऽ" ऐकू आला पाहिजे. ऑफ. असं तीनदा, म्हणजे लाइन भरते. मग अॅक्सिलरेटरला पाय न लावता सेल मारा. पाच-सात सेकंदांत लागली नाही तर मिनिटभर थांबा. तीन प्रयत्न झाले की बस, कारण शोधा. सेल मारत राहिलात तर स्टार्टर जळेल. लागली की पहिली नजर ऑइलच्या दिव्यावर: तीन-चार सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. वरून बारीक टकटक थोडा वेळ चालते. खालून जड ढकढक आली तर मात्र बंद. निळसर धूर निघेल, घाबरू नका, तो तुम्हीच घातलेल्या ऑइलचा, काही मिनिटांत जातो. रेस करू नका. एक माणूस आत, एक बोनेटजवळ, आणि बोनेटजवळच्याने पेट्रोलचा वास, गळती, धूर बघायचा. पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर दमटपणाने क्लच प्लेट चिकटली आहे. इंजिन बंद करा, क्लच पूर्ण दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवून रात्रभर ठेवा, आणि सकाळी तिसऱ्या गिअरमध्ये पुढे-मागे हलवा. बहुतेक सुटते.

ऑइल आधी बदलायचं की नंतर? यावर मेकॅनिक लोकांत भांडणं आहेत. माझी पद्धत: पातळी आणि रंग ठीक असेल तर जुन्यावरच चालू करतो, वीस मिनिटं गरम होऊ देतो आणि गरम असतानाच फिल्टरसकट बदलतो, म्हणजे तळाचा गाळ वाहून जातो. पण उभी करण्याआधीच ऑइलची मुदत संपलेली असेल तर आधी बदला. तीन लिटरच्या आसपास लागतं, त्यात काटकसर नको.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. गाडीबरोबरचेच टायर असतील तर ते घाटात नेऊ नका. ब्रेक ऑइलही ओलावा धरतं, दोन वर्षं झाली असतील तर बदला. पहिली फेरी अंगणात, दुसरी गावाच्या रस्त्यावर, आणि मगच पुढचं. पहिल्याच दिवशी कुंभार्ली घाट चढून पुण्याला निघू नका. विम्याची तारीख आणि पीयूसीही बघून घ्या. विमा संपलेल्या गाडीने रस्त्यावर येणं हा गुन्हा आहे, आणि मधे भरला नसेल तर सतरा महिन्यांत तो बहुतेक संपला असेल.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द: फिल्टरखालचा पाण्याचा नळ आधी सोडा, हाताच्या पंपाने हवा काढा, हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. वरचं प्लगचं काम तिथे घरी करण्यासारखं नाही.

पुण्याला परतताना गाडी पुन्हा गावीच ठेवणार असाल तर टाकी पूर्ण भरा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना चिरे लावा. भावाला दर आठवड्याला पाच मिनिटं नुसती चालू करायला सांगू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ऑइल गरमच होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवली तर उपयोग. आणि चिरे लावलेत, बॅटरी सोडलीय हे कागदावर लिहून तो स्टिअरिंगला बांधा. आमच्या वाडीतल्या एकाने गेल्या मे महिन्यात चिऱ्यावरून गाडी उडवून पुढचा बंपर हातात घेतला, आणि दगड कोणी ठेवला म्हणून दिवसभर घरच्यांशी भांडला. ठेवला त्यानेच होता.